वाळू गाळ, तीन पाटी

माझ्या नोकरीबद्दल दिवाळी अंकासाठी लिहा, असं तुमचं पत्र आलं तेव्हा माझी बायको कमला म्हणाली, "खरें लिहिणार असलां तर लिहा. नाहीतर कागद कशाला नासवतां?" खरं लिहायचं तर पहिलं वाक्य असं होतं: बावीस वर्षं मी एका माणसाच्या गवतावर जळलो. त्याच्या पैशावर नाही, बायकोवर नाही, मानमरातबावर नाही. गवतावर.

तंजावुरातल्या एका सरकारी विश्रामगृहाच्या बागेचा मी सुपरवायझर होतो. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आहे, आणि आम्हा राव मंडळींना इथे सगळा गाव 'रायर' म्हणतो. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. लिहिताना दोन्हींची खिचडी होते, कारण आमच्या घरात मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत. देवनागरी मी अडखळत वाचतो, लिहीत नाही. हा लेखही मी तसाच वहीत लिहिला आणि पुण्याच्या भाचीने देवनागरीत उतरवून तुमच्याकडच्या मराठीत बसवला. माणसांची बोलणी मात्र मी तिला बदलू दिली नाहीत. "मामा, 'मी केलों' काय!" म्हणून ती हसली, पण तिचं मी ऐकलं नाही.

आता धंदा थोडा समजावून सांगतो, नाहीतर माझं जळणं तुम्हाला कळणार नाही. लॉन हे नाव साहेबी आहे, गवत आपलंच. गणपतीला आपण ज्याच्या एकवीस जुड्या वाहतो ती हरळी, तमिळमध्ये अरुगम्पुल, तीच दाट वाढवून कापत राहिलं की तिला लॉन म्हणतात. विनायक चतुर्थीच्या सकाळी निम्मी गल्ली आमच्या फाटकाशी उभी राहायची आणि मी देवाचं नाव ऐकून काही बोलू शकत नसे. हरळी तशी मरायची जात नाही. वाटेवर, रुळाजवळ, कुठेही जगते. पण हिरवीगार, सपाट, सतरंजीसारखी ठेवायची असेल तर तिचे नखरे सुरू होतात.

आणि ते नखरे सगळे हिवाळ्यातले. तुम्ही हा अंक वाचत असाल तेव्हा आमच्याकडे धो धो पाऊस असेल, कारण आमचा पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो. कावेरीच्या खोऱ्यातली माती चिकण. दीड-दोन महिने भिजून, त्यावर माणसं चालून, ती थापलेल्या शेणीसारखी घट्ट होते. मग मार्गळी लागतो, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासूनचा महिना. पहाटे दव, देवळांच्या कर्ण्यांवर स्तोत्रं, दारोदार कोलमची रांगोळी, आणि गवताला आळस. ते पिवळट पडतं, वाढ थांबते. अडाणी माळी तेव्हा खत ओततो. शहाणा माळी गवताला हातच लावत नाही, मातीला लावतो. कापणी थांबवायची, पहारीच्या टोकाने वीत-वीतभर अंतरावर भोकं पाडायची, म्हणजे खाली हवा जाते. वर कुजका पाला आणि वाळूचं पातळ पांघरूण घालायचं. मग पोंगल, म्हणजे तुमची संक्रांत, होऊ द्यायचा, थांबायचं, आणि ऊन तापू लागलं की थोडं खत. एवढं केलं तर पंगुनीत, म्हणजे तुमच्या पाडव्याच्या सुमाराला, जमीन अशी हिरवी होते की चप्पल घालून उतरायची लाज वाटते.

हे सगळं मला पाठ होतं. करायला मिळत नव्हतं. विश्रामगृहात येणारा प्रत्येक पाहुणा लॉनवरच यायचा. एक न्यायाधीश होते, त्यांना कोणीतरी अनवाणी चालायला सांगितलेलं. ते रोज सकाळी एकाच रेघेत पन्नास फेऱ्या मारायचे. आठ दिवसांनी गेले, पण त्यांची पायवाट वर्षभर राहिली. एका पुढाऱ्याच्या माणसांनी ऐन मार्गळीत मांडव ठोकला आणि इडलीचं गरम पाणी गवतातच ओतलं. एकदा सिनेमाचं शूटिंग आलं. त्यांच्या डायरेक्टरला गवत पिवळं दिसलं, तर त्यांनी डब्याने हिरवा रंग फवारला. मी रडायचाच बाकी होतो. शिवाय आमच्या साहेबांना गवत कायम बारीक कापलेलं लागायचं, हिवाळा असो नाहीतर उन्हाळा.

आणि माझ्या लॉनच्या पूर्वेला, छातीएवढ्या भिंतीपलीकडे, पळनी होता.

पलीकडचा बंगला एका तांदूळ गिरणीवाल्याचा. मालक सिंगापुरात, वर्षातून एकदा पंगुनीत यायचा. पळनी माळी म्हणून तिथे आला तेव्हा आवारात नुसती उघडी माती होती. किडकिडीत, काळाभोर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलणं अगदी कमी. पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या बाजूला वाकलेली जास्वंद न विचारता छाटली. मला राग आला. त्या मार्गळीत लॉनच्या कडा कापल्यावर जे हरळीचे धागे, मुळं, कचरा निघाला, तो सगळा मी पाटीने भिंतीवरून त्याच्या आवारात फेकला. पुढच्या वर्षीही फेकला. ती माझी सवयच झाली. तो काही बोलला नाही.

तीन वर्षांत त्याच्याकडे लॉन उभं राहिलं. आणि ते माझ्याहून चांगलं होतं.

मी स्वतःची खूप समजूत घातली. त्याच्याकडे चालणारं कोणी नाही, मालक दूर देशी आहे, मांडव नाही, न्यायाधीश नाहीत. अशा ठिकाणी कोणीही गवत वाढवील. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात, माझं अंगण खरंच वाकडं होतं. पण पंगुनीत विश्रामगृहाचे पाहुणे माझ्या लॉनवर उभं राहून भिंतीपलीकडे बघायचे आणि मला विचारायचे, "ते कोणाचं हो?" तेव्हा माझ्या पोटात जे दुखायचं ते समजुतीने थांबण्यासारखं नव्हतं.

दुपारी कमला जेवणाचा डबा घेऊन यायची. आम्ही भिंतीजवळच्या पुंगमाच्या, म्हणजे करंजाच्या, सावलीत बसायचो आणि पलीकडे पळनी वाकून तण काढत असायचा. आम्हा तंजावुरी मराठी लोकांना एक वाईट खोड आहे. आजूबाजूला तमिळ माणसं असली की आम्ही मराठीत बिनधास्त बोलतो. भाजीवाल्यासमोर त्याच्या भाजीला नावं ठेवतो, डॉक्टरसमोर डॉक्टरला. आमची भाषा म्हणजे घरची कडी, आतून लावली की झालं. तर मी रोज जेवता जेवता पळनीवर तोंडसुख घ्यायचो.

"मेल्याचें गवत पाहिलीस की? कसें हिरवें आहे!"

"हळू बोला."

"त्याला काय कळतें? हा बघ, माकडासारखा बसला आहे. याला कोण शिकवला असेल गवत? रात्री काय घालतो कोण जाणे."

पळनी मान वर करून हसायचा, हात जोडायचा, पुन्हा तण काढू लागायचा. असा बावीस वर्षं हसला.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं आणि विश्रामगृहाला नव्या अधिकारी मॅडम आल्या. कामाच्या चोख, बोलायला गोड. त्यांनी पहिल्या दिवशी बाग पाहिली आणि मला म्हणाल्या, "रायर, गाड्या लावायला जागा नाही. या पिवळ्या गवताचा काय उपयोग? इथे पेव्हर ब्लॉक बसवून टाकू."

मी म्हणालो, मॅडम, हिवाळ्यात ते असंच दिसतं, पंगुनीत बघा.

"ठीक आहे. पंगुनीत बघते. तिकडच्यासारखं झालं तर राहू दे." आणि त्यांनी बोट केलं भिंतीपलीकडे.

ते लॉन मी लावलं होतं, धागा धागा, नोकरीला लागलो त्या वर्षी. माझ्या मुलीने त्यावर पहिलं पाऊल टाकलं होतं. ते वाचवायचं तर मला तीन महिन्यांत पळनीसारखं गवत करायचं होतं. सरळ मार्ग होता. भिंतीवर हात ठेवायचा आणि विचारायचं, "पळनी, तू काय करतोस रे?" एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

मार्गळीच्या मध्यावर पळनी चार दिवस मेहुण्याच्या घरी गेला. आमची पहार त्याच्याकडे होती, ती आणायला मी पहिल्यांदाच त्याच्या आवारात शिरलो. औजारांच्या खोलीत खिळ्याला एक चिठ्ठी टोचलेली. तमिळ अक्षरं. मी वाचायला लागलो आणि अर्थच लागेना. दुसऱ्यांदा वाचली, मोठ्याने, आणि कानाला कळलं. अक्षरं तमिळ होती, भाषा मराठी.

पळनी आमच्यातला होता. आमच्यातला म्हणजे राव नव्हे. पण मराठी बोलणाऱ्या जुन्या कुटुंबांतला, जी इथे पिढ्यान् पिढ्या राहून नावाने, पेहरावाने तमिळ झाली आणि चुलीपाशी मात्र मराठीच राहिली. ती चिठ्ठी त्याने आईसाठी लिहिली होती, ती त्याच्या गैरहजेरीत बाग बघायची. म्हणजे बावीस वर्षं, मेला, माकड, सगळं त्याला कळत होतं.

शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण आधी मी खिशातून पेन काढून चिठ्ठीची नक्कल केली. हेवा माणसाला कुठवर नेतो ते तुम्हीच बघा.

चिठ्ठीत होतं: वाळू गाळ तीन पाटी, पाला एक, भोकें पाडून झाल्यावर. बस्स. तमिळ अक्षरांत क, ख, ग, घ सगळ्यांना एकच खूण. काळ लिहा, गाळ लिहा, दिसायला सारखंच. मी लावलं ते असं: वाळू आणि गाळ मिळून तीन पाटी, पाला एक पाटी. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाळ! कालव्याचा गाळ, ज्याला इथे वंडल म्हणतात. आमच्या खोऱ्यात भातशेतीला वंडल म्हणजे सोनं. गेली बावीस वर्षं मेला सोनं घालत होता आणि मी वाळूऐवजी लाल माती घालत बसलो होतो!

पापनाशमजवळ माझ्या चुलतभावाचं शेत आहे. तिथे कालवा नुकताच उपसलेला. त्याने ट्रॅक्टर भरून गाळ पाठवला. वाळू मिळणं आमच्याकडे हल्ली कठीण, मग मी वाळू थोडी आणि गाळ जास्त, असं केलं. मुत्तम्मा आणि आणखी एक बाई कामाला होत्या, आम्ही तिघांनी बोटभर जाडीचा थर अख्ख्या लॉनवर पसरला. माझ्याच जुन्या वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, चिकणमातीवर गाळ कधी घालू नये, भोकं बुजतात. ती वही मी त्या दिवसांत उघडली नाही.

पळनी परत आला त्या सकाळी आम्ही शेवटचा कोपरा करत होतो. तो भिंतीशी आला, वाकून थर पाहिला. मग तमिळमध्ये म्हणाला, "रायर, वंडल आ?" गाळ घालताय?

"आमां," मी म्हणालो. हो.

"वेंडां, रायर." नको.

इतक्या वर्षांत त्याने मला कधी काही सांगितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, आज मला ती दिसते. तेव्हा मला वाटलं, आला, याच्या पोटात दुखायला लागलं. आता कळेल जळणं कसं असतं ते. मी त्याच्याकडे पाठ केली आणि मुत्तम्माला पाणी मारायला सांगितलं.

"वेंडां," तो पुन्हा म्हणाला. मी वळलो नाही.

पोंगल झाला आणि चार दिवसांनी, ज्या दिवसांत आमच्याकडे पाऊस सहसा येत नाही, दोन दिवस सलग पडला. पाऊस थांबून ऊन आलं आणि गाळ कुंभाराच्या परळासारखा वाळला. वर तडे, खाली गवत गुदमरलेलं. मी हाताने खपल्या काढल्या. खाली हरळीचे धागे पांढरे, मऊ, वास मारणारे. रोज सकाळी मी आणि मुत्तम्मा खपल्या काढायचो. न मरणारं गवत मी मारून दाखवलं. पंगुनी लागला तेव्हा लॉनवर सात-आठ हिरवी बेटं तेवढी उरली होती. मॅडम आल्या, पाहिलं. त्यांनी भिंतीपलीकडेही पाहिलं. मला वाटलं होतं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ब्लॉक बसवणारी माणसं माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात आली. यंत्राने सगळं खरवडून एका बाजूला ढीग केला. मग काय केलं असेल? ब्लॉकखाली अंथरायला वाळू आणली, तारेची मोठी जाळी तिरकी उभी केली आणि फावड्याने तिच्यावर वाळू मारू लागली. खडे अलीकडे, बारीक वाळू पलीकडे. मी पुंगमाखाली उभा राहून बघत होतो.

भिंतीवर पळनीचे हात दिसले. तो जाळीकडे बघत होता.

"अशी गाळायची होती, रायर," तो म्हणाला. मराठीत.

माझी मराठी पोथीतली आणि कचेरीतली. त्याची ऐकून मला माझी पणजी आठवली. तो पुढे म्हणाला, "आमच्या घरी पीठ गाळतात, वाळू गाळतात. तुमच्या घरी चाळतात असतील. मायसाठी मी लिहिलेलों, वाळू गाळ म्हणून. वाळू गाळून घे. वंडल कोठून आलें त्यांत?"

एका शब्दाचा फरक. तुम्ही वस्त्रगाळ चूर्ण म्हणता की नाही, तेच गाळणं. आमच्या दोन घरांत चार गल्ल्यांचं अंतर, आणि त्या चार गल्ल्यांत माझं लॉन गेलं.

"तुला कसें कळलें मी चिठ्ठी वाचलों ते?"

"चिठ्ठीवर लाल माती होती. अंगठ्याची. आमच्याकडे लाल माती कोठे आहे?"

मी विचारलं, मग तेव्हाच मराठीत का नाही सांगितलंस? नीट समजावून का नाही सांगितलंस? माझा आवाज चढला. चूक माझी, आणि ओरडत होतो त्याच्यावर.

पळनीने भिंतीवरची वाळलेली शेवाळ नखाने खरवडली. "मराठींत बोललों असतों तर तुम्हांस कळलें असतें, मला येतें म्हणून. मग जेवतांना अक्कांसमोर बोललेलें सगळें तुम्हांस आठवलें असतें. तुम्हांस लाज वाटली असती." मग म्हणाला, "दोनदां सांगिटलों की, वेंडां म्हणून. तिसऱ्यांदा मराठींत सांगायचें होतें. तें चुकलें माझें."

माझी अब्रू राखायला त्याने माझं लॉन जाऊ दिलं, आणि वर चूक स्वतःकडे घेतली. माणसाने इतकं चांगलं असू नये. त्या क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला तितका त्याच्या गवताचाही कधी वाटला नव्हता.

फाटक्या पाकिटातलं शेवटचं नाणं काढावं तसं मी एकच वाक्य बोललो, रोजचंच, पण त्याच्या तोंडावर. "मेल्या, तुझें गवत किती हिरवें आहे रे."

तो हसला. तेच हसू. "तुमचेंच हो तें."

मला वाटलं, हा आता थट्टा करतोय. पण तो म्हणाला, "मी आलों तेव्हां येथे काय होतें? नुसती माती. मालक रोपांसाठी एक दमडी देईना. तुम्ही दर मार्गळींत कडेचें कापून भिंतीवरून टाकत होतां. तेंच धुवून लावलों. दुसरें कोठून आणूं?"

मी भिंतीवरून वाकून पाहिलं. अख्खं आवार. पंगुनीच्या उन्हात ते गवत डोळ्यांत मावत नव्हतं. माझ्या मागे खरवडलेल्या ढिगाऱ्यावर कावळे बसले होते. मी रागाने जे फेकलं होतं, तेवढंच जगलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन कमलेला सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून. ती कपाळाला हात लावून बसली. पळनीसमोर आपण काय काय बोललो ते आठवत असावी. मग मला म्हणाली, "गवत तर तुमचेंच निघालें. मग आतां कोणावर जळणार?"

"त्याच्यावरच," मी म्हणालो.

आणि खरंच, अजून जळतो. निवृत्त होऊन चार मार्गळी झाले. दर वर्षी पळनीने भोकं पाडली की मी त्याच्या आवारात जातो आणि जाळी धरून वाळू गाळतो, तीन पाटी. तो पाला पसरतो. आम्ही मराठीत बोलतो, म्हणजे मी बोलतो, तो ऐकतो. पलीकडे ब्लॉकवर गाड्या उभ्या असतात. मी विचारतो, यंदा बरं येईल का? तो म्हणतो, येईल की. आणि पंगुनीत ते येतं, आणि बघणारे फाटकाशी थांबून विचारतात, हे कोणाचं हो? पळनी माझ्याकडे बोट करतो. मला ते खोटं वाटतं, पण मी नाही म्हणत नाही.